दोघांना दिलेला शब्द

४ मे, तुझी गाव

पुन्हा बैठक, पुन्हा तेच! या देशात आम्ही अल्बेनियन आधीच मूठभर, त्यात पक्ष दोन. वेगळे लढलो तर संसदेत एकही जागा नाही. एकत्र लढलो तर एक. शेंबड्या पोरालाही कळेल. पण यादीत पहिलं नाव कुणाचं? आमच्या पक्षाचा पालोक म्हणतो, माझं. त्यांच्या पक्षाचा गेलोश – माझा सख्खा दीर – म्हणतो, माझं. डोकं उठलं.

७ मे

तोडगा निघाला म्हणे – पहिलं नाव माझं! "लूचेबाईंना कुणाचाच विरोध नाही." म्हणजे बाईंना कुणी मोजतच नाही. निवडून आल्यावर मी दोघांपैकी एकासाठी राजीनामा द्यायचा. कुणासाठी, ते मी ठरवायचं.

बरं म्हटलं. मला कुठे हवीय जागा? जूनअखेर डेट्रॉइटला जायचंय, लेकीचं पहिलं बाळंतपण. नवरा गेल्यापासून त्याचा पक्ष मीच ओढतेय. घर खायला उठतं. पुरे आता.

९ मे

सकाळीच पालोक दारात. "बाई, तुम्ही पडलात गेलोशच्या भावजय. बेसा द्या, जागा त्याला देणार नाही." छातीवर हात ठेवून बेसा दिला – आमच्यात हा शब्द जीव गेला तरी मोडत नाहीत. टळला एकदाचा.

१० मे

चर्चमधून येताना गेलोशने गाठलं. "वहिनी, सख्खा दीर सोडून त्या पालोकला जागा दिलीस तर दादा वरून थुंकेल माझ्यावर. बेसा?" पाय भरून आलेले. बेसा, म्हटलं. घरी येऊन आडवी झाले.

२९ मे

दारोदार कॉफी, दारोदार एकच रड – "पोरं सगळी परदेशात, मत कोण देणार?" दमले.

७ जून

आली! एक जागा आली! पालोकने चक्क गेलोशला मिठी मारली. नवऱ्याच्या आठवणीने मी मात्र रडत बसले.

८ जून

दोघं एकत्रच आले. "सांगा बाई, कोण?" तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दोघांना दिलेला शब्द दोघांसमोर म्हणून दाखवला. बेसा मोड म्हणायची एकाचीही छाती झाली नाही.

"दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ!" जाताना पालोक पुटपुटला. कसला डोंबलाचा लाभ! चार वर्षं त्या संसदेत अडकले.

९ जून

लेकीला फोन केला. येणं होत नाही गं, म्हटलं. ती रडली. मग म्हणाली, "आई, तू हे मुद्दाम केलंस."

देवाशपथ, मलाच माहीत नाही.