मुंबई रस्ता ओलांडताना

पिंपरी, ता. ९ जानेवारी १९५७

ती. सौ. अक्कास ज्योतीरामचा नमस्कार.

मी खुशाल आहे. आईचा खोकला कसा आहे?

तू माहेरी आहेस तोवर एक काम कर. कार्ड सगळे वाचतात, म्हणून पाकीट पाठवतो.

संक्रांत झाली की आबा तुझ्या भावजयीला इकडे आणणार. स्टेशनवरून खोलीकडे येताना मुंबईचा मोठा रस्ता ओलांडावा लागतो. शेजारचे रंगराव तिथे बायकोचा हात धरतात. काल चहावाला म्हणाला, "रंगराव, वहिनी पळून चालल्यात काय?" ते म्हणाले, "ट्रकखाली गेली तर भाकरी तू थापणार का?"

आपल्याकडे जत्रेला जाताना मी पुढे असायचो, ती मागे. वळून बघायची सोय नव्हती. दगडावर तिची जोडवी वाजत, त्यावरून ती येते आहे हे कळायचं. आवाज थांबला की मी वहाणेचा अंगठा नीट करायला वाकायचो. ते फार आठवतं. इथे मोटारींच्या गोंगाटात काही ऐकू यायचं नाही.

म्हणून मी तिचा हात धरणार आहे, आबांच्या देखत. आबांना तू आधीच समजाव. तिलाही सांग, लाजून हात सोडवून घेऊ नकोस. मलाही सवय नाही.

भाचरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
ज्योतीराम