युसूफभाईंसाठी न्यूज सर्व्हर

४ फेब्रु.
युसूफभाईंकडे जाऊन आलो. लकवा मारून तीन महिने झाले. समजतं सगळं, पण जीभ वळत नाही. मोबाइलवर लिहायला गेले तर डाव्या हाताचं बोट भलत्याच अक्षरावर पडतं. चिडून फोन उलटा ठेवला. शमीमभाभी म्हणाल्या, लोक भेटायला येतात ह्यांना, बोलतात माझ्याशी.

बजाजनगरला परतताना युसूफभाई आणि मी नोकरीला होतो ती कॉलेजची लॅब आठवली. आम्ही दोघं तिथं न्यूज सर्व्हर चालवायचो. प्रश्न टाकायचा, उत्तर दोन दिवसांनी आलं तरी त्याच्याच खाली लागायचं. घाई कुणालाच नसायची. आणि सगळं कीबोर्डवर.

६ फेब्रु.
जुन्या पीसीवर युनिक्स टाकलं. न्यूज सर्व्हरचा सोर्स उतरवला. कॉन्फिगर करताना पहिल्या फटक्यातच अडकलं, लागणारी एक कोड-लायब्ररी नव्हती. ती टाकली. मग त्यानं दुसरी मागितली. बायको, सुनंदा म्हणाली, दोन माणसांसाठी एवढा खटाटोप? व्हय म्हटलं.

९ फेब्रु.
कंपाइल होऊन प्रोग्राम तयार झाला, पण सुरू होईना. दोन दिवस लॉगमधल्या नोंदी वाचून कळलं, सगळ्या फाइली रूटच्या, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनच्या नावावर, सर्व्हरला हातच लावता येईना. नोकरीच्या पहिल्या वर्षी हीच चूक केली होती. तेव्हा यु.भाईंनी नुसता चहा मागवला होता.

११ फेब्रु.
चालू! ग्रुप एकच, नाव 'गप्पा'. आधी 'तब्येत कशी आहे' लिहिलं, मग पुसलं. ते तर सगळेच विचारतात. मग लिहिलं: कंपाइल करताना एक वॉर्निंग येते, सोडून देऊ का? तिच्यानं काही बिघडत नाही, मला माहीत आहे. तरी.

१२ फेब्रु.
वाचायचा प्रोग्राम लॅपटॉपवर टाकून तो त्यांच्याकडेच ठेवायला नेला. समोर ठेवला. मी काही सांगायच्या आत डाव्या हातानं ग्रुप उघडला, माझा प्रश्न उघडला, उत्तराचं बटण दाबलं. भाभी दारातच थांबल्या. अर्धा तास लागला. रोमन अक्षरांत एक ओळ:
"पूरी वॉर्निंग भेज दत्ता. आधा सवाल नको करू."
भाभी हसता हसता आत गेल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

१३ फेब्रु.
सकाळी पूरी वॉर्निंग पाठवली. दुपारी भाभींचा फोन: दहापासून बसलेत, लिहितात, पुसतात, जेवायला उठायला तयार नाहीत. मी म्हटलं, बसू द्या.
तासाभरात चारदा ग्रुप उघडून बघितला. अजून काही आलेलं नाही.