सोजरबाईंचा दिवा आणि डोंगरावरची दुर्बीण

सदाशिव पेठ, पुणे
५ डिसेंबर २०२४

चि. तनयास आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? स्वयंपाकी सोनबाचे गुडघे काय म्हणतात? संचालकसाहेबांचं पित्त शमलं, की अजून तुम्हा सगळ्यांवर निघतंय? इथे तुझी आजी ठणठणीत. तिच्या बोलण्याचा काढा मला रोज मिळतो. डोंगरावर मोबाइल लागत नाही हे बरंच, नात पत्र तरी लिहिते.

पायथ्याच्या सोजरबाईंनी घरावर हॅलोजन लावला, त्या उजेडात तुझा धूमकेतू बुडाला आणि आता साहेब पोलिसांत जाणार, हे वाचलं. आधी थांबव त्यांना. मी तिथे कारकून असताना दुर्बीण बसली, तेव्हा तोंडी ठरलं होतं : गावाने रात्री दिवे झाकायचे आणि दरवर्षी दिवाळी झाली, की गावकऱ्यांनी दुर्बिणीला डोळा लावायचा. पुढे डोळा लावायचं भिंग काढून तिथे कॅमेरा बसवला. गावाला विचारलं कोणी? वेधशाळेचा इतिहास लिहिते आहेस ना, मग हेही लिही. आणि त्या बाईंना भेट.

तुझा,
रंगनाथआजोबा

वेधशाळा
१४ डिसेंबर

ती. आजोबांस सा. न.

भेटले. बाई यंदा दिवाळी झाल्यावर सून शालूला शनी दाखवायला घेऊन वर आल्या होत्या. पहारेकऱ्याने सांगितलं, आता बघायला काही नाही, सगळं कॉम्प्युटरवर. दुसऱ्या दिवशी हॅलोजन! मी छोटी दुर्बीण दाखवते म्हटलं, तर त्यांनी विचारलं, लग्नाला बोलावून चहावर बोळवण करता का. शेवटी मोठ्या दुर्बिणीवरची माझ्या वाट्याची एक रात्र दिली आणि कॅमेरा उतरवून भिंग बसवलं. धूमकेतू रोज दूर चाललाय, तरीही.

सगळी वस्ती आली. शालू शिडीवरून उतरेना. बाईंनी शनी पाहून निर्वाळा दिला, की कडं जागेवर आहे, तुम्ही लोकांनी पाडलं नाही. सकाळी शालूने तेलाचा डबा कापून दिव्याला टोपी केली. उजेड आता अंगणातच पडतो. काल धूमकेतू सापडला, शेपटीसकट!

साहेबांनी दिवे झाकायचं आणि दरवर्षी दुर्बीण दाखवायचं करारपत्र पुढे केलं. बाईंनी ते बाजूला सारून साहेबांनाच नारळ फोडायला लावला. तो तिसऱ्या फटक्याला फुटला.

तुमची,
तनया

सदाशिव पेठ
२० डिसेंबर

चि. तनयास आशीर्वाद.

वाचून पेढे आणले. साहेबांना नारळ फोडायचा सराव ठेवायला सांग, दरवर्षी लागेल.

आता घरातलं प्रकरण. तुझ्या आजीचं म्हणणं, इतकी वर्षं त्या डोंगरावर माझे डबे पोचवले, पण शनी दाखवायचं कोणाला सुचलं नाही. तेव्हा पुढच्या दिवाळीनंतर रांगेत शालूच्या मागे तिची जागा धर. मात्र रांग गावाची आहे. आधी सोजरबाईंना विचार. लोभ आहेच, तो वाढव, आणि बाई काय म्हणतात ते लगेच कळव. इथे स्वेटर विणायला सुरुवात झालीसुद्धा.

रंगनाथआजोबा