मागून आलेला हॉर्न

रविवार, संध्याकाळ. प्रताप नगर.

पाय अजून दुखताहेत. पण रडू पायांमुळे येत नाहीये, त्या हॉर्नमुळे येतंय.

ही माझी दुसरीच सायकल शर्यत. पहिलीत अर्ध्या वाटेतच मागे पडले होते. आज मात्र काटोल रोडच्या चढावरही घोळक्यात, पुढच्या मुलीच्या चाकाला चिकटून होते. तिच्या आडोशाला वारा लागत नव्हता, दम टिकून होता. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला आणि मी डावीकडे सरकले. कशासाठी? रस्ता आमच्यासाठीच मोकळा ठेवला होता. हॉर्न आयोजकांच्या जीपचा, तोही कुत्र्याला हाकलायला. पण मी सरकले, वारा छातीवर आला आणि घोळका गेला तो गेलाच.

लहानपणी सायकल शिकवताना बाबा एकच सांगायचे, "हॉर्न वाजला का बाजूले होजो वं." बाजूला होतच तर आले.

मग मी एकटी आणि मागे ॲम्ब्युलन्स. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, बसता का गाडीत?" बसले नाही. बसले असते तरी काय बिघडलं असतं? सगळ्यात शेवटीच तर आले.

घरी बाबांनी विचारलं, "काहून मांगं राहिली वं?" दम लागला म्हटलं. त्यांना काय सांगणार?

पावसाळ्यापासून रोज पहाटे उठून सराव करतेय. पण हे सरकणं अंगातून जायचं कसं? जाईल का तरी?

आत्ता खालून कुणाची स्कूटी हॉर्न वाजवत गेली. मी खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडे झाले.