न चाखलेला रस्सा

११ मार्च, सोमवार

आजपासून आमच्या चर्चचा मोठा उपास. पंचावन्न दिवस. मांस नाही, अंडं नाही, दूध-लोणी नाही, दुपारी तीनपर्यंत तोंडात काहीच नाही. बावीस वर्षं वर्तमानपत्रात खाण्यावर लिहितोय, पण हा उपास कधी धरला नाही. धंदाच तसला, म्हणून पाद्रीबाबांनीही कधी विचारलं नाही. पण ऑक्टोबरात सोसिनाला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आत नेलं आणि बाहेरच्या खुर्चीत बसून मी नवस बोललो. बायको बरी होऊन घरी आली. आता फेडायचा.

आणि नेमका आजच संपादक रूथचा फोन! "लेगेसे, यंदा यादी एप्रिलमध्येच छापू. शहरातली वीस उत्तम आफ्रिकन हॉटेलं. तुझ्याशिवाय कोण करणार?"

संपादकांना आफ्रिका म्हणजे एक गल्ली वाटते. डाकार आमच्या अदिस अबाबापासून जितकं लांब, जवळपास तितकंच इथून, वॉशिंग्टनहून. पण यादी एकच. हो म्हणालो. उपासाचं बोललो नाही.

१४ मार्च, गुरुवार

तोडगा सापडला. सोसिनाचा भाऊ दाग्नाचू. टॅक्सी चालवतो, बारा महिने सगळं खातो. "दाजी, टॅक्सीवाल्यांना देवानं सूट दिलीये." मांस तो खाणार, डाळी-भाज्या मी. तो सांगेल, मी लिहीन.

आज नायजेरियन हॉटेल. त्याच्यापुढे बोकडाचा रस्सा.

"कसा आहे?"

"गरम."

"चवीला, चवीला!"

"चवीला पण गरम."

१९ मार्च, मंगळवार

सहा हॉटेलं झाली. तीन नुसती रोषणाईची. भिंतीवर मुखवटे, ताटात काही नाही. सेनेगलवाल्याचा मासळी-भात चांगला असावा — दाग्नाचूनं पातेल्याच्या तळाची खरवड मागून घेतली, म्हणजे नक्कीच चांगला. कान लावून जेवण पारखायचं हे वय नव्हे. पाय दुखतात. पोटात दिवसभर नुसती हवा.

२२ मार्च, शुक्रवार

काही नाही. मसूर.

२७ मार्च, बुधवार

शहरालगतच्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये एका किराणा दुकानाच्या मागे चार टेबलं आहेत, बाहेर पाटी नाही. दाग्नाचूला टॅक्सीवाल्यांकडून कळलं. आत गेलो तर समोर अस्नाकेच! दोन वर्षांपूर्वी हिचं मोठ्या रस्त्यावर हॉटेल होतं. मी त्यावर लिहिलं. उन्हाळ्यापर्यंत ते बंद. पुढे एकदा तिथून गेलो तेव्हा काचेमागे मोबाइलची कव्हरं टांगलेली.

तिनं ओळखलं. "या गाशे लेगेसे. पेन आणलंय ना?"

थोरल्या माणसाला गाशे म्हणायचं, म्हणून म्हणाली. आवाजात मान काही नव्हता.

दाग्नाचूला कोंबडीचा रस्सा, मला उपासाचं ताट. दाग्नाचूनं एक घास घेतला. लगेच दुसरा. मग म्हणाला, "दाजी, आई आठवली." आठ हॉटेलांत पहिल्यांदा हा माणूस काहीतरी बोलला!

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. मोठ्या पातेल्यात दुसरा रस्सा रटरटत होता. अस्नाकेच वाकली, हातानं वाफ नाकाकडे ओढली, डोळे मिटले. चिमूटभर मीठ. पुन्हा वाफ. आणखी अर्धी चिमूट. पळी काही तोंडाला लावली नाही.

"चाखत नाही?" मी विचारलं.

"उपास चाललाय ना! तुम्ही कुठल्या देशातले?"

दाग्नाचू मागून हसला. मला हसू आलं नाही. आमच्याकडच्या बायका उपासात दुसऱ्यांसाठी कोंबडी शिजवतात ती अशीच, वासावर. माझी आई असंच करायची. हे मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

२८ मार्च, गुरुवार

जुनं कात्रण काढलं. छापलं होतं २३ मार्चला. मार्च! म्हणजे ऐन उपासात. मी चरत होतो, ती उपाशी रांधत होती.

माझं वाक्य: "या रश्शात मीठ सोडून सगळं आहे, आणि मीठ नाही म्हणून कशालाच अर्थ नाही." तेव्हा फार आवडलं होतं मला ते. रूथनं ठळक अक्षरांत घेतलं होतं.

छपाईतल्या चुका असतात तशी ही नव्हे — नाही, खोडतो, उगाच उपमा नको. सरळ लिहितो. अमेरिकन समीक्षकानं केली असती तर अज्ञान. मी केली. मी विचारायला हवं होतं.

३१ मार्च, रविवार

सोसिनाला सांगितलं. ती वाटाणे निवडत होती. "मग जाऊन माफी माग."

"छापून मागणार. यादीत पहिला नंबर."

"खाल्लास का तिचा रस्सा?"

"नवस आहे ना!"

"मग पहिला कसा?"

"दाग्नाचू म्हणाला."

"दाग्नाचू पेट्रोल पंपावरचे सामोसेसुद्धा वाखाणतो," ती म्हणाली. सख्खी बहीण!

१० एप्रिल, बुधवार

यादी दिली. वीस. पहिली अस्नाकेच. सोबत दोन परिच्छेद: त्या मार्चमध्ये ही बाई उपासात होती, न चाखता शिजवत होती, आणि त्याच मातीतल्या मला एवढं कळलं नाही. चूक माझी.

रूथचा फोन लगेच. "सुंदर लिहिलंयस. एकच — यंदाचा रस्सा तू स्वतः खाल्लास ना? नियम आहे म्हणून विचारते."

"हो," म्हणालो.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. उपासात मांस खाल्लं असतं तर नवस मोडला असता. खोटं बोलल्यानं काय मोडलं ते पाद्रीबाबांना विचारायचं धाडस नाही.

१८ एप्रिल, गुरुवार

छापून आली. फोनवर फोन. घेतले नाहीत. झोपलो.

२४ एप्रिल, बुधवार

दाग्नाचू तिकडून आला. "दाजी, रांग किराणा दुकानाच्या बाहेर पदपथावर! दुकानदार भाज्यांची खोकी हलवतोय, टेबलं वाढवतोय. आणि आपल्या बायका! जेवायच्या आधी तिचा हात धरून डोळ्यांना लावतात. काय ती श्रद्धा, म्हणे, धंदा बुडाला पण उपास सोडला नाही. पाद्रीबाबांनी प्रवचनात नाव घेतलं तिचं."

"ती काय म्हणते?"

"काही नाही. खाली बघते. विनय आहे हो बाईत."

दोन वर्षांत पहिल्यांदा मन जरा हलकं. तरी जाववत नाही. उपास सुटल्यावर जाईन, पोटभर खाईन, म्हणजे माझं खोटंही मागून खरं होईल. असं काही होतं का? होत नसावं.

२ मे, गुरुवार

गुडघे, कंबर. तीन दिवस राहिले. सोसिना मात्र जिने चढते! तेवढं पुरे.

५ मे, रविवार

उपास सुटला. सोसिनाचा रस्सा. त्यातलं उकडलेलं अंडं पहिलं तिनं मला भरवलं. रडलो की काय कोण जाणे, तिखट होतं.

७ मे, मंगळवार

अस्नाकेचकडे गेलो. दुपारची गर्दी ओसरली होती. तिनं स्वतः ताट आणलं आणि समोर बसली. मी म्हणालो, "त्या वर्षी मी अन्याय केला."

"त्या वर्षी मी उपास धरलाच नव्हता, गाशे." आवाज अगदी हळू. "नवऱ्याची किडनी गेलेली. मीठ बंद. पाद्रीबाबांनी त्याला खायची सूट दिली होती, पण एकटा जेवायचा नाही. म्हणून वर्षभर मीही बिनमिठाचं जेवले, कोंबडीसुद्धा. तुमचं पातेलं मी तीनदा चाखलं होतं. मला खारट लागलं. तो गेला, त्यानंतर कळलं, जीभच तशी झाली होती. तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर होतं. आता रोज बायका हात धरतात, आणि मी काय सांगू त्यांना?"

मी ताट थोडं जवळ ओढलं.

"तेव्हा निदान खाऊन लिहिलं होतंत," ती म्हणाली.

रस्सा समोर निवत होता. मी अजून घास मोडला नव्हता.