सहावा वाडगा

यवतमाळ,
५ जानेवारी १९६७

प्रिय हुस्ना,

रोजे चालू असतील. रोजा सोडून, नमाज आटोपून निवांत बसशील तेव्हाच हे पत्र वाच, आणि आयशाला वाचायला देऊ नकोस. मारेगावच्या शाळेत चौथीपर्यंत मराठी शिकलीस, पहिला नंबर आला होता, हे मला निदान पन्नासदा ऐकवलंस. मग ते शिक्षण आता कामाला येऊ दे. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच, पण स्वतः वाच. मला तुला एक सांगायचं आहे आणि एक मागायचं आहे. दोन्ही जड आहेत, म्हणून आधी वस्तीच्या बातम्या सांगून जीभ सैल करून घेते.

आपल्या वस्तीत नळ आला बाई! फुलचंदच्या दुकानासमोर कोपऱ्यावर बसवलाय. सकाळी तासभर पाणी येतं आणि त्या तासात बायका एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. विहिरीवर आता कोणी जात नाही. परवा मी मुद्दाम गेले तर आपल्या दोरांनी काठावर पडलेल्या खाचांत शेवाळ धरलेलं. मानीबाई तांड्यावरून दूध घेऊन अजून येते, आणि तुमच्या दारासमोर सवयीनं थांबते, मग आठवण झाली की कपाळावर हात मारून पुढं जाते. तुमच्या घरात एस.टी.चा कंडक्टर बळीराम राहायला आलाय. माणूस चांगला आहे, बायकोही गरीब आहे, पण आल्या आल्या त्यांनी आपल्या दोन घरांमधल्या तट्ट्याचं भोक बुजवलं. त्यांना काय माहीत की ते भोक म्हणजे आपला राजमार्ग होता. विरजण, निखारा, सुईदोरा, माझी शोभा आणि तुझी आयशा, सगळं त्यातूनच इकडून तिकडे जायचं.

सत्तावन्न साली आपण इथं आलो तेव्हा काय होतं गं? लोहाऱ्याच्या वाटेवर कापसाच्या वावरात चुन्याच्या रेघा मारलेल्या, आणि त्याला म्हणायचं नगर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! नागपूरची राजधानी गेली, कचेऱ्या इकडेतिकडे झाल्या, आणि आमच्या ह्यांची बदली इथं झाली. मी तर पहिला महिनाभर रडतच होते. तेव्हा तू तट्ट्यावरून डोकं काढून म्हणालीस, "बाई, रडून राह्यली तं रड, पन वाळत घातलेले कपडे आत घे, कोल्हे येते इथं." त्या दिवसापासून आपली मैत्री. कोल्हा मात्र मी आजवर पाहिला नाही.

आता सासूबाईंचं सांगते. दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. दुखणं असं काही नाही, डॉक्टर म्हणतात वय झालं. पण अन्न सुटलंय. भाकरी नको, वरणभात नको, पेजेचे दोन घोट घेतात आणि तोंड फिरवतात. हे कचेरीतून आले की आधी आईच्या उशाशी बसतात आणि मला डोळ्यांनी विचारतात, आज काही घेतलं का? मी मान हलवते. गेल्या सोमवारी मी काकुळतीला येऊन विचारलं, की काय खावंसं वाटतं ते तरी सांगा, मी काहीही करून घालीन. त्यांनी जे सांगितलं ते तुला कळवायला हवं, पण त्यासाठी मला अठ्ठावन्नच्या ईदेपर्यंत मागं जावं लागेल. तुला तो दिवस आठवत असेलच, आणि माझ्याइतकाच आठवत असेल अशी भीती वाटते.

आपल्या इथली ती पहिलीच खरी ईद. आदल्या वर्षी आपली घरंही धड लागली नव्हती. तू नवी साडी नेसून भोकातून वाकून आलीस आणि माझ्या हातात शीरखुर्म्याचा वाडगा दिलास. चिनी मातीचा, निळ्या फुलांचा, तुझ्या लग्नात आलेल्या सहा वाडग्यांतला. वरून चारोळ्या, खारकेचे काप, आणि अजून वाफ निघत होती. मी गोड हसले, ईद मुबारक म्हटलं, आणि तू गेल्यावर तो वाडगा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आत काही तो नेववेना. घरात सासूबाईंचं सोवळं, मी स्वतःशीच म्हटलं, त्यांना चालणार नाही. मग मागच्या ओट्यावर, गाईसाठी साली टाकायचं घमेलं असतं ना, त्याच्याशेजारी नेऊन ठेवला. गाय दुपारी यायची. मान वर केली तर तट्ट्यापलीकडे तुझ्या दोरीवर चादर वाळत होती, आणि चादरीखाली तुझे पाय दिसत होते. ते हलत नव्हते.

घटकाभरानं पाहिलं तर वाडगा चाटूनपुसून स्वच्छ. मांजर आलं असेल, असं मी धरून चालले. तू पाहिलंस की नाही हे मी तुला कधीच विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं! पण पुढच्या ईदेला तू भोकातून आलीस ती ताट घेऊन. ताटात कच्च्या शेवया, खारका, चारोळी, साखर, आणि वेगळा लोटाभर दूध. तुझं ते हसू, आणि म्हणालीस, "कोरडंच आनलं बाई, तुह्या हातानं शिजव." तेव्हा मला सगळं कळलं. तेव्हापासून आठ ईदा तू कोरडं ताट दिलंस, एकदाही चुकली नाहीस. मी आठही वर्षं ते शिजवलं आणि घरात सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. माझा फराळ मात्र तुझ्याकडे शिजवलेला यायचा आणि तू माझ्यासमोर चकली मोडून तोंडात टाकायचीस.

आणि तो वाडगा! रिकामं भांडं परत करायचं नाही ही आपली रीत. भरून द्यावा, तर तू विचारणार खीर कशी झाली होती. काय सांगू? म्हणून आज देऊ, उद्या देऊ करत तो फळीवर पिठाच्या डब्यामागे गेला, आणि तिथंच राहिला. तू मागितला नाहीस. तुमच्याकडे पाहुणे आले की पाच जणांपुढे निळ्या फुलांचे वाडगे यायचे आणि सहाव्यापुढे पितळी वाटी. ती वाटी मी कितीदा पाहिली असेल. गेल्या उन्हाळ्यात बशीरभाईंना राळेगावच्या जिनिंगात फिटरचं काम मिळालं, तुम्ही सामान बांधायला घेतलं, तेव्हाही मी दोरी धरून शेजारी उभी होते. तू एकेक वाडगा वर्तमानपत्रात गुंडाळून तणसात ठेवलास. पाच झाले. तू पेटीचं झाकण लावलंस आणि मला म्हणालीस, "दोर आवळ नं बाई." मी दोर आवळला. अशी निगरगट्ट मी.

विषमज्वरानं मी एकवीस दिवस पडले होते, सासूबाई गावी गेल्या होत्या, ते आठवतं? तू रोज माझी भांडी घासलीस, लुगडी धुतलीस, केसांतल्या जटा सोडवल्यास. पण चुलीला हात लावला नाहीस. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून ह्यांना शिकवायचीस, "भाऊजी, आता जाळ कमी करा. आता मीठ. अवो भाऊजी, हालवा नं, खाली लागून राह्यली!" मी खोलीत पडून ते ऐकत होते. ह्यांची ती करपलेली पेज मी गिळली आणि तुला आत ये म्हटलं नाही. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं की म्हातारीचं सोवळं कडक आहे. मीच सांगत फिरले होते ना.

तर सोमवारी सासूबाई म्हणाल्या, "हुस्नाबीच्या हातची खीर पाह्यजे." मला वाटलं वातात बोलतायत. मी म्हटलं, तुम्ही ती कधी खाल्लीत? तर तोंडात दात नाही, पण अशा हसल्या! म्हणाल्या, "तुले वाटलं मांजरानं खाल्ली? म्या खाल्लती. एवढ्या चारोळ्या घातलेली खीर गाईले देऊन राह्यली होती तू! मले वाटलं, पुढच्या वर्साला पुन्हा येईल. तं आलं कोरडं ताट. आठ वर्सं वाट पाह्यली मी." मी चिडलेच. म्हटलं, तुमच्या सोवळ्यापायीच तर मी ती बाहेर ठेवली होती. त्यावर म्हातारी उठून बसली, अंथरूण धरल्यापासून पहिल्यांदा. "सोवळं माह्यं हाय. मोडलं तं म्या मोडलं. तुले त्याची राखण कोणं सांगतली होती? मले एका सबदानं विचारलं तरी होतं का?"

नव्हतं विचारलं, हुस्ना. ना त्यांना, ना ह्यांना. माझा हात कोणी धरला नव्हता. त्या वाडग्याशी मी एकटीच होते, आणि मलाच तो आत न्यावासा वाटला नाही. सासूच्या नावावर खपवलं आणि नऊ वर्षं बिनघोर झोपले. तुझ्या हातची चव मला अजून माहीत नाही आणि मी तुला माझी मैत्रीण म्हणते. हे मला सांगायचं होतं. लाज वाटते. तुझं मन दुखावलं ते मी पाहिलं होतं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं, याची सर्वांत जास्त वाटते.

आता मागणं. यंदा ईद तेराला नाहीतर चौदाला, आणि चौदाला आमची संक्रांत. दोन्ही सण गळ्यात गळा घालून आलेत. बळीरामची ड्यूटी राळेगावच्या गाडीवर आहे. चंद्र दिसल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या सकाळच्या गाडीनं मी येते. सासूबाईंसाठी डबा भरून दे. त्यांच्याच्यानं एस.टी.चे धक्के सोसवणार नाहीत, पण त्या दाराकडे डोळे लावून बसतील. तिळाच्या वड्या भरलेला तुझा वाडगा मी घेऊन येते आहे. तू दार लावून घेतलंस तरी मी रागावणार नाही, ओट्यावर बसून राहीन. पण दार उघडलंस तर एवढं कर. डबा मागाहून भर, आधी मला आत तुझ्या चुलीपाशी बसव, वड्या काढून घे आणि त्याच वाडग्यात मला वाढ. आणि त्या दिवशी ती पितळी वाटी काढू नकोस.

तुझीच,
रत्ना