पाटातून निघालेला मोर

ताडकळस, मंगळवार

राजमान्य राजश्री माणिकराव पाहुणे यांस, भुजंगचा हात जोडून नमस्कार.

तुमचा डावा गुडघा, वहिनींचं पित्त आणि तुमची ती मारकी म्हैस, या तिघांची तब्येत बरी असावी. इकडं मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. पत्राचं कारण मी सांगायची गरज नाही, कारण ते स्वतःच परवा संध्याकाळच्या एसटीनं तुमच्या दारात उतरलं आहे. तुमच्या बहिणीला परत पाठवा, एवढीच विनंती. पण त्याआधी (सुगंधानं तिची बाजू सांगितली असणारच, आणि तिला ती फार चांगली सांगता येते) माझीही ऐकून घ्या. ती फोन उचलत नाही. तुम्ही उचलता तेव्हा मागून काहीतरी कुजबुज ऐकू येते आणि तुमच्या फोनची रेंज जाते. म्हणून तुमच्या राणीसावरगावला लेकीकडं निघालेल्या परमेश्वरच्या हाती हे पत्र देतोय.

आता मुळापासून सांगतो. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करून रिटायर झालो, पण हाताला काही स्वस्थ बसवेना. ते पाहून पोरानं पुण्याहून स्क्रोल सॉ नावाचं मशीन पाठवलं. शिलाई मशीनची सुई जशी नाचते तसं यात केसासारखं बारीक पातं नाचतं. फळीवर नक्षीचा कागद खळीनं चिकटवायचा आणि रेघेवरून कापत जायचं. मात्र पातं जागचं हलत नाही, फळीच वळवावी लागते. (तीस वर्षं वळणावर गाडी वळताना पाहिलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. माझी पहिली बारा पाती यातच गेली.)

हळूहळू ओसरीवर मंडळी जमायला लागली. दर रविवारी दुपारी, लाइट असेल तर. परमेश्वर वीज मंडळातला रिटायर लाइनमन, पण मशीनचं बटण दाबायला तो मला बोलावतो. ज्याला करंट कळतो त्यालाच भ्या वाटतं, असं त्याचं म्हणणं. रेणुकाताई अंगणवाडीच्या. त्यांनी पोरांना जुळवायला परभणी जिल्ह्याचा नकाशा कापला, नऊ तालुक्यांचे नऊ तुकडे. त्यातलं सोनपेठ मांजरानं पळवलं आणि गंगाखेडला उलटं बसवल्याशिवाय पालम बसत नाही. आणि येडबा. त्याच्या बत्तीस मेंढ्या आहेत आणि त्याचा हात दुसरं काही कापूच शकत नाही. हत्ती काढायला बसला तरी मेंढी निघते, कमळ काढायला बसला तरी निजलेली मेंढी निघते. पण माणूस दिलदार. आतापर्यंत आम्हा सगळ्यांच्या घरी भिंतीवर त्याच्या तीन-तीन मेंढ्या झाल्या आहेत.

सुगंधाचा यात संबंध एवढाच, की ती कागदावर चार रेघा मारून देते आणि खळ शिजवून देते. बाकी कला सगळी आमची.

आता रविवारचं. तिनं काढलेला मोर चांगला जमला होता, म्हणून आम्ही ठरवलं की एका दमात तीन मोर कापू. प्लायवूडच्या तीन पट्ट्या चिकटपट्टीनं एकावर एक चिकटवल्या. अशा थप्पीच्या खाली एक टाकाऊ फळी ठेवायची असते, म्हणजे खालच्या पट्टीच्या कडा उचकटत नाहीत. ती ठेवायला मी विसरलो नाही, हे कृपा करून ध्यानात घ्या. कोपऱ्यात एक फळी उभी दिसली, ती घेतली आणि चिकटवली. कापताना असा काही वास सुटला की रेणुकाताई डोळे मिटून बसल्या आणि येडबा म्हणाला, "आज लाकूड लय खानदानी हाय." तिन्ही मोर बरे निघाले. पण चौथा, त्या टाकाऊ फळीतला, काय सांगू. पिसारा असा, की आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या ऐकून सुगंधा चहा घेऊन बाहेर आली. तुम्ही तिला लग्नात दिलेला जुन्या सागाचा पाट, त्याचे पाय हलायला लागले म्हणून मीच आठ दिवसांपूर्वी ते काढून ठेवले होते. दुरुस्त करून देतो असं छातीवर हात ठेवून म्हणालो होतो. पायांशिवाय पाट म्हणजे दिसायला फळीच असते, पाहुणे. तुम्हीही फसला असता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चौघांना चहा दिला, येडबाला साखर पुन्हा लागते ती दिली, मोर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "माझ्या भावानं देल्ता ह्यो पाट. त्यावर बसून मी ह्या घरची झाले." मग पिशवी भरली आणि स्टँडकडं चालायला लागली. मी मागून गेलो, तर म्हणाली, "तुमी मशीन बघा, बंद पडंल."

मी स्वस्थ बसलो नाही. मोर परत पाटात बसवला, डिंक भरला, पाय ठोकले आणि सोमवारी सगळ्यांसमोर स्वतः त्यावर बसून दाखवलं. मोर खाली गेला आणि त्याच्या जागी माझा काही भाग अडकला. परमेश्वरनं एकीकडून आणि येडबानं दुसरीकडून ओढून मला सोडवलं. तेव्हापासून उभ्यानं जेवतोय. हे तिला जरूर सांगा, ऐकून तिला थोडं बरं वाटेल. मी चुकलो, हेही सांगा. चूक फळीची नव्हती, माझी होती.

तुमचा दाजी,
भुजंग

ता. क. : जाताना ती नक्षीची वही घेऊन गेली आहे. काल मी स्वतः मोर काढला. येडबानं तो पाहून मायेनं विचारलं, "ही कुनाची मेंढी?" चार रेघा असं मी वर लिहिलंय ते खोडायचं होतं, पण खाडाखोड बरी दिसत नाही. सगळं तीच करत होती. आम्ही नुसते कापत होतो.

ता. क. दुसरा : मंडळींनी आज ठराव केला आहे. ती येत नसेल, तर रविवारी मशीन तिकडं आणायचं. तुमच्या ओसरीवर प्लग आहे ना? रेणुकाताई सुट्टी टाकतील. येडबा मेंढ्यांना मागं सोडून राहत नाही, तेव्हा बत्तीस जणींचीही सोय पाहावी लागेल. त्या म्हशीला आधीच समजावून ठेवा.

ता. क. तिसरा : हे वाचून तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय. तसल्याच चेहऱ्यानं पत्र सुगंधाच्या हाती द्या. घर खायला उठलंय, पाहुणे. ती 'या' म्हणाली तर प्लगचं तेवढं बघा. 'येते' म्हणाली तर काहीच बघू नका, ती गाडी बदलते त्या गंगाखेडच्या स्टँडवर मी सकाळपासून उभा राहीन. तसंही मला बसता येत नाही.